आधी माती तपासा, नकाशा नंतर

व्हर्जिनियात गावाकडे पाच एकर घेतलेत, आता आर्किटेक्टकडून घराचा नकाशा करून घेऊन काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्हा कार्यालयात) परवानगीचा अर्ज टाकणार, असं तुम्ही लिहिलंय. कृपया हा क्रम बदला. सांडपाण्याची सार्वजनिक लाइन नसेल तिथे आधी आरोग्य खात्याकडून सेप्टिकचा, म्हणजे घरचं सांडपाणी टाकीतून जमिनीत जिरवायच्या सोयीचा, परवाना लागतो, त्याशिवाय बांधकामाचा परवाना हातात पडत नाही. किती बेडरूम बांधता येतील तेही माती किती पाणी जिरवते यावर ठरतं.

आम्ही पैसे मोजून चार बेडरूमचा नकाशा करून बसलो होतो. माती तपासायला आलेल्या बाईंनी ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने) खोलवरची माती काढून तळहातावर धरली, तांबड्या मातीत राखाडी ठिपके. म्हणजे ओल्या महिन्यांत पाणी तिथवर चढतं. तीनच बेडरूम मंजूर झाल्या. फार जिवाला लागलं तेव्हा.

बोअरची जागाही तेव्हाच ठरवा, सेप्टिकपासून ठरावीक अंतर सोडावंच लागतं. ड्राइव्हवे राज्याच्या रस्त्याला जोडणार असाल तर वाहतूक खात्याची परवानगी वेगळी. आणि पायाचे चर इन्स्पेक्टर बघून जाईपर्यंत काँक्रीट ओतू देऊ नका, कंत्राटदार कितीही घाई करू दे.