पत्रकारितेच्या शिक्षणासाठी देणगी : पुरस्कार की सरावाचं वृत्तपत्र?

प्रश्न : आमच्या तालुक्यातल्या साप्ताहिकाचे संपादक निवृत्त होताना कॉलेजच्या पत्रकारिता विभागाला ५ लाख रुपये देणार आहेत. दरवर्षी पुरस्कार द्यावा, की विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र काढावं? पुलित्झर पुरस्कार ज्यांच्या नावाने आहेत त्या अमेरिकन वृत्तपत्रमालक जोसेफ पुलित्झर यांनी नेमकं काय केलं होतं?

प्रतिसाद १ : पुलित्झर यांच्याही योजनेत पत्रकारितेची शाळा आधी आली. न्यूयॉर्कचं ‘वर्ल्ड’ हे वृत्तपत्र त्यांनी १८८३ मध्ये विकत घेतलं. १८९२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाला शाळेसाठी पैसे देऊ केले, तेव्हा नकार मिळाला. करार झाला १९०३ मध्ये. त्यांचं निधन १९११ चं, शाळा १९१२ ची आणि पहिले पुरस्कार १९१७ चे. पुरस्कार ठेवलात तर एक कलम त्यांच्याकडून जरूर घ्या : लायक काम नसेल त्या वर्षी पुरस्कार न देण्याचा अधिकार मंडळाला हवा. १९१७ मध्ये कादंबरीचा पुरस्कार असाच कुणालाही दिला नाही.

प्रतिसाद २ : पत्रच काढा. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातले संपादक वॉल्टर विल्यम्स यांच्याकडे पदवी नव्हती, पण विद्यापीठातली पत्रकारितेची शाळा त्यांनी उभी केली. १४ सप्टेंबर १९०८ ला वर्ग भरले आणि त्याच दिवशी शाळेच्या ‘युनिव्हर्सिटी मिसूरियन’ या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. बातमीदार विद्यार्थी, संपादनावर प्राध्यापक, आणि वाचक अख्खं गाव. खरी मेख या शेवटच्या गोष्टीत आहे. कॉलेजपुरत्या अंकात स्नेहसंमेलन आणि सत्काराचे फोटो भरतात. नाव चुकलं तरी जाब विचारायला कुणी येत नाही, मग पडताळणीची सवय लागणार कशी?

बीट, म्हणजे प्रत्येकाने नियमित बातम्या आणायचं क्षेत्र, वाटून द्या : नगरपालिका, बाजार समिती, ग्रामीण रुग्णालय, न्यायालय, एसटी आगार. नाव, आकडा, तारीख मूळ कागदावरून तपासल्याशिवाय कॉपी (बातमीचा मजकूर) पानात लावू नका. प्राध्यापकांनी कॉपी परस्पर सुधारून टाकू नये, खुणा करून परत द्यावी. वेळ जातो, पण शिकणं तिथेच होतं.

प्रतिसाद ३ : मुद्दल मोडू नका. ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३५ हजार. जून ते फेब्रुवारी मासिक अंक म्हणजे नऊ अंक, अंकामागे जेमतेम ३,९०० रुपये. छापखान्याचं दरपत्रक घेऊन मगच पानं ठरवा. सार्वजनिक बातम्या देणारं नियतकालिक म्हणजे नोंदणी आलीच. नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे, अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर. आणि दानपत्रात लिहून घ्या की संस्थाचालकांनी छपाईआधी पानं मागवायची नाहीत.