घरच्या डेटाचा बॅकअप: दोन हार्ड डिस्क असताना क्लाउड कशाला?

जुनाखिळा
घरचा डेटा १ टीबीच्या आत असेल तर दरमहा क्लाउडचं भाडं भरणं मला पटत नाही. दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या. विंडोज असेल तर एनटीएफएसने (डिस्कवर फायली मांडायची विंडोजची पद्धत) फॉरमॅट करा. फॅट३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीची फाइल बसत नाही. दर रविवारी आलटूनपालटून कॉपी मारायची आणि लगेच केबल काढायची. २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फायलीही लॉक केल्या होत्या.

मधलीसुट्टी
केबलचं शंभर टक्के मान्य. पण दोन्ही डिस्क एकाच कपाटात ना? २०१९ ला सांगली-कोल्हापुरात घरंच्या घरं पाण्याखाली होती. तीन प्रती, दोन माध्यमं, एक प्रत घराबाहेर हा नियम त्यासाठीच आहे.

जुनाखिळा
आणि लोक क्लाउड म्हणून काय वापरतात? गूगल ड्राइव्ह. ते सिंक झालं हो! लॅपटॉपवर फोल्डर उडवला की तिकडेही उडतो, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो, मग राम राम. शिवाय २० एमबीपीएस अपलोडने १ टीबी चढवायला अखंड साडेचार दिवस जातात.

मधलीसुट्टी
मग तुमची रविवारची कॉपी कशाने होते? रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी कमांडला एमआयआर (हुबेहूब प्रत ठेवायचा पर्याय) लावलं असेल तर मूळ जागी उडवलेली फाइल डिस्कवरूनही उडते, आणि तिथे ट्रॅशसुद्धा नाही. दोन डिस्क म्हणजे फार तर दोन आठवड्यांची मुदत. चूक महिन्याने लक्षात आली तर? रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्राम वापरा: डेटा आपल्याच मशीनवर एन्क्रिप्ट होतो, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येत नाही, पहिल्यांदा सगळा क्लाउडवर चढतो, पुढे फक्त बदललेले तुकडे. जुन्या आवृत्त्या हव्या तितक्या ठेवा.

ओळंबा
रिस्टोर करून बघायचं कुणी बोलतच नाहीये. रेस्टिकची नुसती चेक कमांड मुख्यतः बॅकअपची रचना तपासते. प्रत्यक्ष डेटा वाचून बघायला रीड-डेटा हा पर्याय द्यावा लागतो. पासवर्ड हरवला तर तो डेटा कायमचा गेला, कस्टमर केअर वगैरे काही नाही. विंडोजमध्ये डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या बिटलॉकरचीही ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नको.

जुनाखिळा
हे सगळं घरातल्या ज्येष्ठांना कोण शिकवणार? त्यापेक्षा दुसरी डिस्क भावाकडे ठेवायची, गणपतीला आणि होळीला अदलाबदल. घराबाहेरची प्रत झाली.

मधलीसुट्टी
झाली, पण सहा महिने शिळी. सगळा १ टीबी चढवा असं म्हणतंय कोण? कागदपत्रं आणि चालू वर्षाचे फोटो तेवढे रोज क्लाउडवर, बाकी खुशाल भावाकडे.