तिसरी बोअरवेल घेण्यापूर्वी

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. दोन्ही बोअरवेलचे पाणी कमी झाल्यामुळे तिसरी आणि अधिक खोल बोअरवेल घेण्याचा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. ज्यांना काही म्हणायचे असेल त्यांनी ते आधी इथे लिहावे आणि तोवर सुप्रभातचे संदेश कृपया थांबवावेत.

बी-४०२: यात चर्चा करण्यासारखे काय आहे, हेच मला कळत नाही. शेजारच्या सोसायटीने बोअर घेतली तेव्हा त्यांनी आपल्याला विचारले नव्हते. आपण थांबलो तर तेच पाणी ते उपसतील.

सी-१०१: काका, तुमची शंका रास्त आहे. दोन्ही सोसायट्यांच्या बोअर म्हणजे एकाच विहिरीवरचे दोन रहाट आहेत. कुंपण जमिनीवर असते, खाली खडकातल्या भेगांना ते ठाऊक नसते. पंप चालू झाला की बोअरभोवतीची पाणीपातळी खाली जाते आणि उपसा मोठा असेल तर शेजारच्या बोअरलाही त्याची झळ पोहोचते. शिवाय कठीण खडकात जसजसे खोल जावे तसतशा पाणी धरणाऱ्या भेगा साधारणतः कमी होत जातात, त्यामुळे खोली वाढवली म्हणजे पाणी वाढेलच असे नाही.

‘आपण थांबलो तर दुसरा घेईल’ हा विचार अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरणाचे उदाहरण घेऊन मांडला होता. एक जनावर वाढवल्याचा फायदा एकट्याचा आणि कुरणाची झीज सर्वांची, म्हणून शेवटी कुरणच उरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र प्रत्यक्ष गावे, कालवे आणि भूजलाचे साठे अभ्यासले, तेव्हा लोक आपापसांत नियम ठरवून असे साठे पिढ्यानपिढ्या राखतात, असेही त्यांना आढळले. या कामासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल गावाचा १५१७ चा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो: हिवाळाभर जितकी गुरे स्वतः पोसता येतील तितकीच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायची. हा नियम कोणी मोडतो आहे की नाही, हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, गुरे मोजता आली की पुरे. आपल्याकडे मात्र कोण किती पाणी वापरते हे कोणालाच माहीत नाही.

खजिनदार: म्हणजे प्रत्येक सदनिकेला मीटर बसवायचे. हा खर्च बोअरच्या खर्चाशी ताडून सभेपुढे ठेवता येईल.

ए-२०३: आमच्या घरी वयस्कर सासूबाई आहेत, लहान बाळ आहे आणि माणसेही जास्त आहेत. मीटर लागले तर दंड आम्हालाच बसणार का?

सी-१०१: वहिनी, म्हणूनच मर्यादा सदनिकेवर न ठरवता माणशी ठरवावी आणि पहिले काही महिने कोणताही आकार न लावता केवळ आकडे पाहावेत. बरेचसे पाणी न वापरताच जाते, असे माझे मत आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. खालच्या भांड्यात रंग उतरला तर व्हॉल्व्ह गळतो आहे असे समजावे.

खजिनदार: आणि गच्चीवरच्या पावसाचे काय?

सी-१०१: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, त्यामुळे ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी होते. त्यातले काही वाया जाईल हे मान्य, पण आज सगळेच गटारात जाते. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, म्हणून पाऊस थोड्या वेळात जोरात कोसळण्याचे प्रमाण वाढते आहे, आणि असे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. पावसाचे पाणी जमिनीत मुरवणारा पुनर्भरण खड्डा त्यासाठीच हवा. मात्र पहिल्या सरीचे धुळीचे पाणी त्यात जाऊ देऊ नये, आणि गाड्यांचे तेल सांडलेल्या पार्किंगचे पाणी तर मुळीच नको, कारण एकदा बिघडलेले भूजल शुद्ध करणे फार कठीण असते.

बी-४०२: हे सगळे पटले तरी माझा मूळ मुद्दा तसाच राहतो. आम्ही मोजून वापरायचे आणि शेजारच्यांनी रात्रभर पंप चालवायचा, हे मला मान्य नाही.

सी-१०१: मलाही नाही. दोन्ही सोसायट्यांनी रात्री पंप बंद ठेवून पहाटे आपापल्या बोअरची पातळी मोजावी आणि दोघांच्या नोंदी एकाच वहीत असाव्यात, असे मी सुचवतो.

सचिव: तर सभेच्या विषयपत्रिकेवर मीटर आणि पुनर्भरण खड्डा हे विषय आधी घेतो, बोअरचा प्रस्ताव त्यानंतर येईल.

बी-४०२: शेजारच्या सचिवांशी मी स्वतः बोलतो, ते माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी नोंदी दाखवायला नकार दिला तर माझे मत बोअरच्या बाजूने धरावे.