पत्रिकेवरची वळणदार वेलबुट्टी: फिल्टरने फिरवावी की रेघेने काढावी?

रेघोटी:
लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणे, वास्तुशांतीची कार्डे यांच्या कोपऱ्यांत जी वळणदार वेलबुट्टी असते, ती करण्याच्या दोन पद्धती सध्या डीटीपीच्या वर्गांत शिकवल्या जातात. एकीत फोटोशॉपमध्ये काही पट्टे किंवा ढगाळ पोत घेऊन त्यावर ‘ट्वर्ल’ हा फिल्टर लावतात. दुसरीत कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर किंवा इंकस्केपमध्ये बेझिए वक्ररेषेने, म्हणजे मोजके बिंदू देऊन हवी तशी वाकवता येणाऱ्या रेघेने, एकेक वळण काढतात. पहिली पद्धत झटपट असल्याने विद्यार्थ्यांना आधी तीच दाखवली जाते आणि पुष्कळांचे शिक्षण तिथेच थांबते. माझ्या मते ट्वर्ल हे पार्श्वभूमीचा पोत करण्याचे साधन आहे. वेलबुट्टीचे साधन म्हणून ते शिकवणे बंद व्हावे.

कारण फिल्टरच्या कामाच्या रीतीतच आहे. ट्वर्ल चित्र मध्याभोवती फिरवतो. मध्याजवळचा भाग जवळपास पूर्ण कोनातून फिरतो, बाहेर जावे तसा कोन कमी होतो आणि कडेला काहीच हलत नाही. हा कोन उणे 999 ते 999 अंशांपर्यंत देता येतो. पांढऱ्या चौरसाच्या मधोमध एक आडवी काळी पट्टी काढून 300 अंश द्या आणि चित्र मोठे करून पट्टीची जाडी पाहा. अगदी मध्याशी ती मूळच्या जाडीची राहते, कडेलाही बरीचशी टिकते, पण मधल्या पल्ल्यात, जिथे शेजारच्या दोन वर्तुळांच्या सरकण्यातला फरक सर्वाधिक असतो तिथे, ती चेपून बारीक होते. चांगल्या वेलीची रेघ याच्या नेमकी उलट असते: पोटाशी भरलेली आणि टोकांकडे निमुळती. म्हणजे फिल्टर आपल्याला जाडीचा चढउतार देतो खरा, पण तो भलत्या ठिकाणी देतो.

रेघेने काढताना मात्र प्रत्येक गोष्ट आपल्या हातात असते. वळणाच्या सर्वांत डाव्या, उजव्या, वरच्या आणि खालच्या बिंदूंवरच नोड (रेघ ज्यांतून जाते ते बिंदू) ठेवावेत, त्यांची हँडल (बाक ठरवणाऱ्या दांड्या) सरळ आडवी किंवा उभी ठेवावीत आणि मध्ये एकही जादा नोड येऊ देऊ नये. एवढे पाळले तरी वळणातला अर्धा खडबडीतपणा जातो. मग इलस्ट्रेटरच्या सीएस 5 आवृत्तीपासून, म्हणजे 2010 पासून, उपलब्ध असलेल्या विड्थ टूलने रेघेचे पोट फुगवावे. वेळ लागतो, हे मान्य आहे.

पिक्सेलपंत:
रेघोटी, तुम्ही सरळ पट्टी घेतलीत म्हणून निष्कर्ष तसा निघाला. मध्यापासून सारख्या अंतरावरचे सगळे बिंदू ट्वर्लमध्ये सारखेच फिरतात. त्यामुळे आकाराचे क्षेत्रफळ वाढत नाही की घटत नाही, फक्त आकार तिरपा ओढला जातो. याचाच अर्थ कुठे किती चेपले जाणार हे आधीच कळते. मग पट्टीऐवजी जोंधळ्याच्या पानासारखा, मधल्या पल्ल्यात रुंद आणि टोकाशी निमुळता आकार घ्या आणि मग फिरवा. पोट भरलेले राहते, टोक बारीक राहते आणि बाहेरच्या बाजूला वळण अलगद सुटते. अशी सहा पाने मध्याभोवती मांडून 150 अंश दिले तर जे चक्र तयार होते, त्यात सहाही वळणे तंतोतंत सारखी येतात.

दुसरे असे की, फिल्टर एकदा लावला की चित्र बदलले ते बदललेच, ही अडचण आता राहिलेली नाही. फोटोशॉपमध्ये सीएस 3 पासून, म्हणजे 2007 पासून, स्मार्ट ऑब्जेक्टवर, म्हणजे मूळ चित्र जपून ठेवणाऱ्या लेयरवर, लावलेला फिल्टर कधीही उघडून कोन बदलता येतो. फुकट मिळणाऱ्या गिंपमध्येही 2025 च्या 3.0 आवृत्तीपासून फिल्टर असे जिवंत ठेवता येतात. यजमान ‘जरा अजून गोल करा’ म्हणाले तर मी एक आकडा बदलतो. तुम्हाला सगळी हँडल पुन्हा ओढावी लागतात.

आणि सजावट म्हणजे केवळ रेघ, हे कोणी ठरवले? ‘क्लाउड्स’ फिल्टरने ढगाळ पोत घ्यावा, त्यावर ठिपक्यांचा ‘मेझोटिंट’ लावावा, मग ‘रेडियल ब्लर’ झूम प्रकारात दोनतीनदा द्यावा; त्या लेयरची प्रत काढून एकीला उजवीकडे आणि दुसरीला डावीकडे ट्वर्ल द्यावा आणि वरची लेयर ‘लायटन’ मोडवर, म्हणजे दोन्हींतला उजळ भागच दिसेल अशी, ठेवावी. ही कृती जुनी आहे आणि इंटरनेटवर तिचा चोथा झाला आहे, हे खरे. पण दोन विरुद्ध भोवरे एकमेकांतून जाताना उजेडाचे जे जाळे विणले जाते, ते पेन टूलने काढायला बसलात तर पत्रिका मुहूर्तानंतरच छापून येईल.

शिसेखिळा:
माझा छापखाना आहे, त्यामुळे मी या वादाकडे मशीनच्या बाजूने पाहतो. पिक्सेलपंतांचे उजेडाचे जाळे काळ्या पार्श्वभूमीवर पडद्यावर झगझगते ते आरजीबीमुळे, म्हणजे पडद्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडामुळे. तीच फाइल छपाईच्या चार शायांसाठी सीएमवायके केली की झगझगीत निळा आणि जांभळा सर्वांत आधी मलूल होतो आणि यजमान विचारतात, ‘मोबाइलवर दिसत होता तसा रंग का नाही आला?’ त्याचे उत्तर शाईत आहे, पण ते छापणाऱ्याला द्यावे लागते.

खरी परीक्षा सोनेरी फॉइलच्या, म्हणजे ठशाने दाबून चिकटवायच्या चकचकीत वर्खाच्या, वेळी होते. फॉइलसाठी धातूचा ब्लॉक लागतो आणि ब्लॉकला उंच आणि खोल एवढ्या दोनच गोष्टी कळतात. अधलीमधली करडी छटा त्याला कळत नाही. ट्वर्लने फिरवलेल्या आकाराची कड मात्र करड्या पिक्सेलांचीच बनलेली असते, कारण फिल्टर प्रत्येक पिक्सेलसाठी मूळ चित्रातल्या शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतो. तो करडा पट्टा काळ्यापांढऱ्यात तोडला की कड दातेरी होते. मग कोणीतरी कोरलमधल्या पॉवरट्रेसमधून (पिक्सेलांच्या चित्राची वक्ररेषा करणाऱ्या साधनातून) ती फाइल काढून आणतो. त्यात काय होते ते नोड निवडून पाहावे: जिथे सहा नोडांत काम झाले असते त्या वळणावर मुंग्या लागल्यासारखे नोड दिसतात, आणि प्रत्येक नोडापाशी रेघ किंचित मोडते. पाच बाय सात इंचांच्या कार्डासाठी 300 डीपीआयने (इंचाला 300 पिक्सेल) 1500 बाय 2100 पिक्सेल होतात; त्याच्या कोपऱ्यातल्या दीड इंचाच्या नक्षीला जेमतेम 450 पिक्सेल मिळतात. एवढ्या पिक्सेलांतून सुबक वळण ट्रेस होईल ही अपेक्षाच चुकीची आहे.

तरीही रेघोटींच्या बाजूला मी पूर्ण जात नाही. शून्य जाडीपर्यंत निमुळते होत गेलेले टोक पडद्यावर देखणे दिसते, पण स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीतून त्याला शाईच मिळत नाही आणि टोक अर्ध्यावर तुटते. चार रंगांच्या गडद पार्श्वभूमीत पांढरी बारीक वेल सोडली तर रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकावर एक जुळणी, केसभर हलले तरी ती भरून जाते. पेन टूलने काढले एवढ्याने ती नक्षी छापण्याजोगी होत नाही.

हळदकुंकू:
शिसेखिळा, आपले म्हणणे छापील पत्रिकेपुरते बरोबर आहे. परंतु आज घरोघरी जाणाऱ्या पत्रिकांपेक्षा व्हॉट्सॲपवर जाणाऱ्या पत्रिका कितीतरी अधिक असतात आणि त्या 1080 बाय 1920 पिक्सेलांच्या चित्रात किंवा व्हिडिओत बसवलेल्या असतात. व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करते, तेव्हा पहिला घाव बसतो तो कडक कडांच्या बारीक रेघांवर. त्यांच्याभोवती मळकट ठिपके उमटतात. ट्वर्लचा मऊ पोत हा दाब निमूटपणे सहन करतो. शिवाय व्हिडिओ पत्रिकेत आफ्टर इफेक्ट्सच्या ट्वर्लचा कोन शून्यापासून हळूहळू वाढवत नेला की नक्षी डोळ्यांदेखत उमलते. मी हे काम रोज करते आणि मला ब्लॉक, फॉइल, जाळी यांच्याशी काही कर्तव्य उरलेले नाही.

रेघोटी:
हळदकुंकू, मोबाइलचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यातूनच फिल्टरविरुद्ध सर्वांत मोठी हरकत उभी राहते. पत्रिकेवर अखेर नावे वाचायची असतात आणि ती देवनागरीत असतात. देवनागरी अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार असतात. अक्षराचा अर्थ बदलणारे हे अवयव स्वतःच छोटी वळणे आहेत. नावामागे किंवा नावाशेजारी तितक्याच जाडीची वळणे भिरभिरत ठेवली की ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ यांतला फरक वयस्कर नातेवाइकांना चष्मा लावूनही दिसत नाही. रेघेने काढलेली वेल मी शिरोरेषेपासून दूर वळवू शकतो, तिची जाडी मात्रेच्या जाडीपेक्षा मुद्दाम निराळी ठेवू शकतो. भोवऱ्याला असे सांगता येत नाही. तो वाटेत येईल ते सगळे सरसकट फिरवतो.

पिक्सेलपंतांना एवढेच विचारतो: कुठे किती चेपले जाणार याचा हिशेब करून मूळ आकार रुंद करायचा असेल, तर शेवटची रेघ कशी हवी हे तुम्हाला आधीच ठाऊक असते. मग ती सरळ काढायला हरकत कोणती?

कोयरी:
रेघोटी, तुमच्या मांडणीत फिल्टर म्हणजे पिक्सेल आणि रेघ म्हणजे हात, अशी वाटणी गृहीत धरली आहे आणि ती टिकत नाही. इलस्ट्रेटरमध्ये ‘ट्विस्ट’ हा इफेक्ट वक्ररेषेवरच लागतो, कोरलड्रॉमध्येही वस्तूची कड फिरवणारे ट्वर्ल टूल आहे. दोन्हींत पिक्सेलचा संबंध येत नाही. उलट ज्याला आपण हाताने काढलेली रेघ म्हणतो, तिचे गणित रेनो आणि सित्रोएन या मोटारींच्या कारखान्यांत बेझिए आणि द कास्तेल्झो यांनी मोटारीच्या पत्र्याच्या वळणांसाठी बसवलेले आहे.

मला महत्त्वाचा वाटतो तो वळणाचा प्रकार. संस्कारभारतीच्या रांगोळीत केंद्रवर्धिनी (मध्यातून फिरत बाहेर येणारे वळण) काढताना दोन वेढ्यांमधले अंतर सारखे ठेवतात. कोरलड्रॉच्या स्पायरल टूलमध्ये ‘सिमेट्रिकल’ निवडले की हेच मिळते. वेल मात्र तशी वाढत नाही; तिचे वेढे बाहेर येताना पटीपटीने मोकळे होतात. त्यासाठी ‘लॉगॅरिदमिक’ निवडावे लागते, किंवा इलस्ट्रेटरच्या स्पायरल टूलमधला ‘डिके’ बदलावा लागतो. तो सहसा 80 टक्क्यांवर असतो. ओढता ओढता कंट्रोल दाबून धरले तर वेढे सैल किंवा घट्ट होताना दिसतात आणि वरखाली बाणांनी वेढ्यांचे तुकडे वाढतात किंवा कमी होतात. बेझिए वक्ररेषेने हाताने काढलेल्या पुष्कळ नक्ष्यांत आतला वेढा केंद्रवर्धिनीचा आणि बाहेरचा वेलीचा, अशी सरमिसळ असते आणि ती डोळ्याला खटकते. असे विद्यार्थी मी पाहिले आहेत ज्यांचे नोड अगदी तुमच्या नियमाने चार टोकांवर आहेत, पण वळण मात्र लंगडे आहे.

म्हणून नवशिक्याला आधी नोड द्यायला माझा विरोध आहे. त्याला तासभर फिल्टर फिरवू द्यावा, वेगवेगळ्या कोनांची वळणे भरपूर पाहू द्यावीत आणि मग इंकस्केपमध्ये ‘स्पायरो’ या पद्धतीने रेघ काढायला लावावी. राफ लेव्हियन यांच्या संशोधनातून आलेल्या या पद्धतीत हँडल ओढण्याचा प्रश्नच येत नाही; रेघ ज्या बिंदूंतून जायला हवी तेवढे आपण द्यायचे, आणि बाक शक्य तितका हळूहळू बदलत जाईल अशी रेघ प्रोग्रॅम स्वतः घालतो. एखादा बिंदू जरासा हलवला तर पलीकडचा वेढाही हलतो, त्यामुळे सुरुवातीला माणूस वैतागतो. पण सगळे वळण एकसंध असते हे त्यातूनच समजते.

पिक्सेलपंत:
रेघोटी, सरळ काढायला हरकत एवढीच की ती एकच रेघ असते. मला शेवटची रेघ ढोबळ ठाऊक असते, नेमकी नसते. 140 अंशांवर कोयरी दिसते, 220 वर शंख दिसतो, 400 वर दोन्ही बिघडतात. यांतले काय निवडायचे हे मी पाहून ठरवतो, आणि पाहून ठरवणे हासुद्धा नक्षीकाराच्या कामाचाच भाग आहे. ‘सुनीता’च्या वेलांटीबद्दल मात्र तुमचे म्हणणे मला पटते, नावामागे मी मास्क लावून पोत पुसट करतो, पण ते सगळेच करत नाहीत.

रेघोटी:
निवडीला माझा विरोध नाही. आकडा बदलून आलेल्या आठ वळणांतून एक निवडणाऱ्याला नववे वळण स्वतः काढता यावे, एवढाच माझा आग्रह आहे, आणि कोयरी यांचा तासभराचा फिल्टर पुढच्या सहा महिन्यांचा होतो असा माझा अनुभव आहे. शिसेखिळा, टोक तुटते म्हणालात, तर ते किती जाड ठेवावे हे सांगाल का?

शिसेखिळा:
ऑफसेटवर एकाच शाईत छापायचे असेल तर पाव पॉइंटची (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) रेघ निभावून जाते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये सोनेरी शाईने छापताना मी अर्ध्या पॉइंटखाली जात नाही, कारण त्या शाईतली धातूची पूड भरड असते आणि तिला मोकळी जाळी लागते. टोक निमुळते हवेच असेल तर शेवटी एक ठिपका द्यावा. जुन्या ठशांमध्येही वेलीच्या टोकाशी बहुधा गोळी असे. फॉइलला रेघेइतकीच दोन वेढ्यांमधली फट महत्त्वाची असते. ती रेघेपेक्षा अरुंद असली की फॉइल तिच्यातही चिकटते आणि केंद्राशी सोन्याचा गोळा होतो. कोयरी, तुमच्या लॉगॅरिदमिक वेढ्यात ही अडचण हमखास येते, तेव्हा सर्वांत आतला वेढा कापून तिथे ठिपका ठेवावा. आणि कोरलमधून फाइल पाठवताना रेघ तशीच ठेवू नका. कंट्रोल-शिफ्ट-क्यू करून तिचा आकार करून पाठवा, नाहीतर ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ची खूण करायची राहून गेलेली असते आणि मी कार्डाच्या मापाला नक्षी लहान केली की रेघ मूळच्याच जाडीची राहून सगळे वेढे एकमेकांना चिकटतात.