मदत हवी आहे: शेतावर फुकट राबायला येणाऱ्यांना नेमकं कोणतं काम द्यावं?

नमस्कार मंडळी,

अमळनेर तालुक्यात बोरीकाठच्या एका गावात आम्ही काही कुटुंबं मिळून एक वावर कसतो. रासायनिक खतं बंद, नांगरट जमेल तितकी कमी, माती उघडी ठेवायची नाही. कापसात तूर, मूग, उडीद मिसळून घेतो, रब्बीला दादर ज्वारी आणि हरभरा. गावाला हे गबाळं दिसतं. शेजारचं वावर वखरून आरशासारखं लख्ख आणि आमच्याकडे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, भुगा पसरलेला, त्यामुळे टोमणे खातोच. तो प्रश्न नाही.

प्रश्न स्वयंसेवकांचा आहे. पुण्या-नाशिकची मुलं, एखादं निवृत्त जोडपं, 'आम्हाला शेतावर काम करायचंय' असे फोन वाढलेत. येतात मनापासून, त्याबद्दल शंका नाही. पण त्यांना यायचं असतं डिसेंबर-जानेवारीत, भरीत आणि हुरड्याच्या दिवसांत, नाहीतर पहिल्या पावसात. पावसात ते महिनाभर आधी शनिवार-रविवार ठरवून येतात, आणि आमची काळी माती वाफशावर चालते, म्हणजे पाणी निथळून ओल बेताची झाली तरच तिच्यात काम होतं. चांगली झड लागली की चार-चार दिवस वावरात पाय घालता येत नाही. मग मंडळी ओसरीवर बसून चहा पितात आणि आम्ही आभाळाकडे बघतो.

माणसं खरी लागतात ती श्रावणात, निंदणीला, म्हणजे तण काढायला. आणि तिथेच अडलंय. निंदणी हा गावातल्या बायांचा हक्काचा रोज आहे. मागच्या पावसाळ्यात काही पोरं हौसेने निंदायला बसली, तेव्हा नेहमी येणाऱ्या मावशी बांधावरून एवढंच म्हणाल्या, "ह्या फुकट निंदतीन, मंग आम्हनं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यात भर म्हणजे आच्छादन नीट जमलं की तणच कमी उगवतं, म्हणजे आमची पद्धत यशस्वी झाली तरी त्यांचा रोज बुडतो! माती सुधारायची आणि जिच्या हातांनी शेत आजवर चाललं तिलाच घरी बसवायचं, हे मला पटत नाही. वेचणीचंही तेच. ती किलोवर असते, आणि नवख्या हाताने वेचलेल्या कापसात पातेरा (वाळक्या पानांचा कचरा) इतका येतो की व्यापारी भाव पाडतो.

तर असा अनुभव असलेल्या कुणी सांगा: बाहेरच्या माणसांना कोणत्या हंगामात काय काम देता? राहण्या-जेवणाचे पैसे घेता का? आणि मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, कुणाला बोलवावं की नाही?

जाता जाता, आच्छादनात वाळवी फार झालीय. शेवग्याची रोपं धरलीत तिने. त्यावरही सुचवा.

प्रतिसाद, रावेरहून:
ताई, आमच्याकडे केळी. घड उतरवल्यावर उभी राहिलेली खोडं तुकडे करून जागेवरच पसरायची असतात. पूर्वी ती बांधावर फेकायचे. या कामाला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, म्हणून ते आम्ही पाहुण्यांना देतो. कुणाचा रोज जात नाही. फक्त जुने कपडे आणायला सांगा, केळीचा चीक लागला की डाग जन्मात निघत नाही. दुसरं काम जीवामृताचं. २०० लिटरच्या टाकीत १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, दिवसातून दोनदा ढवळायचं. पहिल्या दिवशी नाक धरणारे तिसऱ्या दिवशी ढवळण्यावरून भांडतात.

वाळवी सुकं खाते. रोपाच्या बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवा आणि आच्छादनावर जीवामृत शिंपडून ओल राहू द्या.

प्रतिसाद, शिरपूरहून:
निंदणीला शहरी माणूस बसवूच नका. तणाबरोबर उडीद उपटतो, आणि वर फोटो काढतो. आम्ही उलटं केलं. बाया शिकवणार आणि त्या दिवसाचा त्यांना पूर्ण रोज, तो पाहुण्यांच्या पैशातून. जेवणाचंही तसंच: कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी गावातल्याच घरात होते, पैसे थेट त्या घरात. पैसे घ्यायला लाजू नका हो. फुकट ठेवलं की लोक सहलीला आल्यासारखे येतात.

मे महिन्यात सकाळी सहा ते नऊ, बस. बियाणं निवडणं, बांधाची डागडुजी. दुपारी सावलीत. आमच्याकडे तेव्हा बिबडे (ज्वारीचे पापड) चालू असतात, ते लाटायला हात लागतातच, आणि तिथे कुणाच्या मजुरीचा प्रश्न येत नाही.

प्रतिसाद, साक्रीहून:
पांझरा नदीवरची फड पद्धत आठवा, गावाने मिळून पाटाचं पाणी वापरायची. पाणी वाटायला पाटकरी नेमलेला, ते त्याचं काम, त्यात कुणी हात घालायचा नाही. पाट-चाऱ्यांची साफसफाई मात्र सगळ्यांनी मिळून. तुम्हीही तशी रेघ ओढा. ज्या कामाला गावात मजुरी ठरलेली आहे ते पाहुण्याला देऊ नका. चर खणणं, बांधावर झाडं लावणं, कंपोस्टचे थर रचणं, ही सामायिक कामं त्यांना द्या. आणि ही रेघ तुम्ही एकट्याने ओढू नका, त्या मावशींना बसवून ओढा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. पूर्ण रोज देऊन बायांनी शिकवायचं, हे आवडलं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचं, नवं साल ठरतं, तेव्हाच या कामांचीही वाटणी करू, मावशींना घेऊनच. वाफशाचंही त्यात घालते: पावसाळ्यात यायचं तर तारीख आम्ही दोन दिवस आधी कळवू, जमलं तर या.

शिरपूरच्या ताई, एक राहिलं. पाऊस लागला आणि वावर बंद पडलं, तर शिकवायला बोलावलेल्या बायांचा त्या दिवसाचा रोज तुम्ही देता का? आमच्याकडे काहींचं म्हणणं निम्मा द्यावा. मला ते बरोबर वाटत नाही, पण पैसे कुठून काढायचे तेही सुचत नाही.