फोर्सबर्गची कारकीर्द ‘अर्धवट’ कशी काय?

बर्फगोळा

परवा आइस हॉकीवरच्या दुसऱ्या एका धाग्यात कुणीतरी जाता जाता लिहिलं, ‘पीटर फोर्सबर्ग म्हणजे अर्धवट राहिलेली कारकीर्द. स्वीडनचा खरा मोठा फॉरवर्ड मॅट्स सुंदीन.’ तिथे अवांतर नको म्हणून गप्प बसलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हा धागा.

एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली मोठी हॉकी लीग) फोर्सबर्गचे ७०८ सामने, २४९ गोल, ६३६ असिस्ट. एकूण ८८५ गुण, म्हणजे सामन्यामागे सव्वा. (आइस हॉकी ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी: गोल करणाऱ्याला एक गुण, आणि त्याआधी पास देणाऱ्या दोघांपर्यंत प्रत्येकी एक.) दोन स्टॅनले कप (म्हणजे एनएचएलची विजेतेपदं), दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं, दोन जागतिक विजेतेपदं. २००२-०३ मध्ये १०६ गुण, लीगमध्ये सगळ्यांत जास्त, आणि त्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी. हे अर्धवट असेल तर पुरी कारकीर्द कुणाची म्हणायची?

आकडे बाजूला ठेवू. लिलेहामर, १९९४, ऑलिंपिकचा अंतिम सामना, समोर कॅनडा. सामना बरोबरीत, शूटआऊटही (एकेक खेळाडू विरुद्ध फक्त गोलरक्षक) बरोबरीत, आता जो चुकेल तो गेला. वीस वर्षांचा हा पोरगा पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) घेऊन निघतो आणि डावीकडे सरकतो. गोलरक्षक कोरी हर्श त्याच्याबरोबर वाहत जातो. मग फोर्सबर्ग स्टिकवरचा एक हात सोडतो आणि दुसऱ्या हाताने, स्टिकच्या अगदी टोकाने, पक मागे ओढून हर्शच्या पसरलेल्या हाताखालून अलगद आत ढकलतो. जोर नाही की फटका नाही, कॅरमची सोंगटी सरकवावी तसं. स्वीडिश पोस्टाने त्याचं तिकीट काढलं. हर्शने आपलं चित्र वापरू द्यायला नकार दिला, म्हणून तिकिटावरच्या गोलरक्षकाच्या जर्सीचा रंग बदलावा लागला!

टोरांटोचा तात्या

ते वाक्य लिहिणारा मीच. मागे घेत नाही.

सुंदीन: १३४६ सामने, ५६४ गोल, १३४९ गुण. फोर्सबर्गच्या जवळजवळ दुप्पट सामने, दुपटीहून जास्त गोल. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) अगदी पहिल्या नंबरावर निवडला गेलेला पहिला युरोपियन. १९९७ ते २००८ टोरांटो मेपल लीफ्सचा कप्तान, आणि हे गाव कप्तानाला कसं सोलून काढतं ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. सकाळी कामावर कॉफी घेताना पहिला विषय काल रात्रीचा सामना, आणि हरलो असलो की पहिलं नाव सुंदीनचं. तरी माणूस दुसऱ्या दिवशी बर्फावर हजर.

हजर राहणं हाही खेळातलाच गुण आहे हो. फोर्सबर्ग ज्या सामन्यांत दुखापतीमुळे स्टँडमध्ये कोट घालून बसला होता त्यांत त्याची सव्वाची सरासरी संघाच्या काय कामाची? १९९५-९६ मध्ये तो सगळे ८२ सामने खेळला. नंतर पुन्हा कधीच नाही. बघून घ्या.

बर्फगोळा

@तात्या, बघितलं, बरोबर आहे. पण त्या ८२ सामन्यांत ११६ गुण आणि शेवटी कप, हेही लिहायचं होतंत. सुंदीनकडे किती कप? शून्य.

खवचट_काका

कपांचा हिशोब निघालाच आहे तर २००१ चा नीट तपासा. दुसऱ्या फेरीत लॉस एंजेलिस किंग्सला हरवल्यावर त्याच रात्री फोर्सबर्गला इस्पितळात नेऊन प्लीहा काढावी लागली. पुढची फेरीही तो खेळला नाही आणि फायनलही नाही. त्याच्या क्लबाने, कोलोरॅडोने, कप जिंकला तो सॅकिक, गोलरक्षक रॉय आणि रे बोर्क यांच्या जिवावर. कपावर नाव कोरलेलं आहे, मान्य. पण शेवटच्या दोन फेऱ्या त्याच्याशिवाय जिंकलेला कप ‘त्याचा’ म्हणून मिरवायचा?

आणि टोरांटोत सुंदीनच्या मागे पॅट्रिक रॉय नव्हता. फोर्सबर्गच्या मागे होता.

बर्फगोळा

काका, पहिल्या दोन फेऱ्या आपोआप पार पडल्या का? बरं, पुढची गोष्ट सोयीस्कर गाळलीत. त्यानंतरचा पूर्ण साखळी मोसम तो खेळला नाही. एकही सामना नाही. २००२ च्या एप्रिलमध्ये थेट प्लेऑफला (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांना) उतरला आणि २० सामन्यांत २७ गुण काढले, त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये सर्वांत जास्त. संघ फायनलला पोचलासुद्धा नाही, तरी. जवळजवळ वर्षभर घरी बसलेला माणूस थेट सर्वांत खडतर सामन्यांत येतो आणि सगळ्यांच्या पुढे जातो. याला तोड दाखवा, मी धागा बंद करायला सांगतो.

शंकासुर

म्हणजे फोर्सबर्ग म्हणजे साधारण आपल्या क्रिकेटमधला...

टोरांटोचा तात्या

नको. हात जोडतो. क्रिकेट आणू नका, तीनशे प्रतिसाद होतील आणि हॉकी राहील बाजूला.

शंकासुर

बरं बाबा. :) मग साधा प्रश्न: एवढी दुखापत व्हायचं कारण काय? नशीब की खेळण्याची पद्धत?

अनुजा_प

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गोथेनबर्गला शाळकरी हॉकीपटू येतात माझ्याकडे, म्हणून थोडं लिहिते. फोर्सबर्गला मी तपासलेलं नाही हे उघडच आहे. जे जाहीर आहे तेवढ्यावरून.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पद्धत. अंगावर येणाऱ्याला तो टाळायचा नाही. धडक बसायच्या क्षणभर आधी स्वतःच खांदा आणि कंबर त्याच्यात घालायचा, आणि मारायला आलेलाच आडवा व्हायचा. बघायला फार मजा येते. पण अशा प्रत्येक धडकेची किंमत खांदा, बरगड्या, पोट, मांड्यांचे सांधे यांनी चुकवायची असते.

दुसरी गोष्ट पाऊल, आणि खरी कारकीर्द तिने संपवली. त्याचा उजवा पाय स्केटमध्ये सरळ उभा राहीना. आता स्केटचं पातं असतं जेमतेम तीन मिलिमीटर रुंद, आणि त्याला दोन धारा. आतल्या धारेवर जोर दिला की एकीकडे वळता, बाहेरच्या धारेवर दुसरीकडे. घोटा थोडासा जरी कलला तरी तुम्ही न सांगता एका धारेवर जाता. म्हणजे विचार करायच्या आधीच शरीर चुकीच्या बाजूला निघालेलं असतं! माझ्याकडे एक बारा वर्षांचा मुलगा येतो, त्याच्या बुटात मी कार्डाएवढी पातळ पाचर सरकवली तर तो लगेच सांगतो की आज वळता येत नाहीये. फोर्सबर्गने शस्त्रक्रिया केल्या, बुटांमागून बूट बदलले, वर्षानुवर्षं. जमलं नाही. त्यामुळे ‘हजर राहणं हा गुण’ हे तात्यांचं वाक्य मला थोडं निष्ठुर वाटतं. घोटा हा काही स्वभाव नव्हे.

खवचट_काका

अनुजाताई, घोट्याचं पटलं. पण पहिली गोष्ट स्वभावच झाली की. सुंदीन साडेसहा फुटांच्या जवळपासचा गडी असूनही उगाच धडका शोधत हिंडला नाही. टिकला.

बर्फगोळा

अहो पण त्या धडका काढून टाकल्या तर उरतो तो फोर्सबर्ग नव्हेच. ओविकचं पाणी आहे ते. (त्याच्या गावाचं पूर्ण नाव एर्नशोल्ड्सविक, इथले लोक जीभ वाचवायला ओविक म्हणतात.) एवढ्याशा गावातून फोर्सबर्ग, मार्कस नेसलुंड, सेदीन जुळे, व्हिक्टर हेडमन! फोर्सबर्ग आणि नेसलुंडच्या वाढदिवसांत दहा दिवसांचं अंतर. तिथल्या मोडो क्लबात फोर्सबर्गचा बापच कोच होता.

टोरांटोचा तात्या

मोडो काढलंत म्हणून: मोडो २००७ मध्ये स्वीडिश विजेते झाले तेव्हा तुमचा नायक कुठे होता? नॅशव्हिलमध्ये. १९९४ मध्ये होता, तेव्हा फायनलला माल्मोकडून हरले. हलके घ्या.

आता जरा गंभीर. शेवट बघा दोघांचे. सुंदीन व्हँकुव्हरकडून खेळत फेब्रुवारी २००९ मध्ये टोरांटोला परत आला. मी मिसिसागात मित्राच्या बेसमेंटमध्ये सामना बघत होतो. आदल्या वर्षी त्याने ट्रेडला (दुसऱ्या क्लबाशी खेळाडूंची अदलाबदल) नकार दिला म्हणून शिव्या घालणारे सगळे त्या खोलीत होते, मीही. मोठ्या पडद्यावर जुनी दृश्यं दाखवली, पूर्ण स्टेडियम उभं राहिलं, आणि आमच्यातला सर्वांत जास्त बडबडणारा गृहस्थ चिवड्याची वाटी हातात धरून गप्प. मग शूटआऊटमध्ये आम्हाला हरवणारा गोल सुंदीननेच मारला. चिडायचं की टाळ्या वाजवायच्या कळेना.

आणि फोर्सबर्ग? २००८ नंतर दोन-अडीच वर्षांनी कोलोरॅडोला आला, दोन सामने खेळला, एकही गुण नाही, आणि १४ फेब्रुवारी २०११ ला निवृत्ती. याला मी अर्धवट म्हटलं तर काय चुकलं?

बर्फगोळा

शेवट वाईट झाला, हे कबूल. पण शेवट अर्धवट म्हणजे कारकीर्द अर्धवट नव्हे.

अनुजा_प

थोडं अवांतर: इथे पाळणाघराच्या दारात क्रॉक्ससारख्या भोकाभोकांच्या रंगीत प्लास्टिक चपलांची रांग असते. त्यांना सगळे ‘फोप्पाटोफ्लोर’ म्हणतात. फोप्पा हे फोर्सबर्गचं लाडनाव, आणि त्या चपलांच्या धंद्यात त्याचा हात होता. माझ्या मुलीला हॉकी माहीत नाही, फोर्सबर्ग माहीत नाही, फोप्पा रोज पायात. ज्याचं पाऊल बुटात बसेना त्याच्या नावाची चप्पल!

खवचट_काका

ताई, दंडवत. धाग्याचं सार्थक झालं.

एक माहिती देतो, दोन्ही बाजूंना चावायला. हे दोघे एकाच क्लबात यायचे थोडक्यात राहिले. एरिक लिंड्रोस मिळवण्यासाठी केलेल्या अवाढव्य ट्रेडमध्ये फिलाडेल्फियाने १९९२ साली फोर्सबर्गचे हक्क क्वेबेकला दिले. सुंदीन तेव्हा क्वेबेकलाच होता. पण फोर्सबर्ग स्वीडनमध्येच थांबला, आणि १९९४ च्या जूनमध्ये क्वेबेकने सुंदीनला टोरांटोला देऊन टाकलं. त्याच मोसमात फोर्सबर्ग दाखल. वर्षभरात क्लब कोलोरॅडोला हलला आणि लगेच कप. सुंदीन थांबला असता तर?

बर्फगोळा

देशासाठी मात्र एकत्र खेळलेच की. ट्युरिन २००६, फिनलंडविरुद्ध फायनल, २-२. तिसरा पिरियड सुरू होताना मधोमध फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करतात तो), सुंदीनसमोर साकू कोइवू. कोइवूची स्टिक मोडली, तो नवी आणायला बाकाकडे धावला. तेवढ्यात फोर्सबर्गने पक वर नेला, सुंदीनला दिला, सुंदीनने मागून येणाऱ्या लिडस्ट्रॉमला, आणि लिडस्ट्रॉमने वरच्या कोपऱ्यात. दहा सेकंदं. ३-२, सुवर्ण. सुरुवात कुणी केली ते बघा.

टोरांटोचा तात्या

आणि शेवटचा पास कुणाचा होता तेही बघा.