रॉजर शर्मन : ‘आमदार’, ‘दुरुस्ती’ आणि ‘सनद’

प्रश्न : अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आणि राज्यघटनेवरही सही करणारे कनेक्टिकटचे रॉजर शर्मन यांचे चरित्र मी मराठीत आणत आहे. जोडे शिवून आणि जमीनमोजणी करून पोट भरणाऱ्या या माणसाने स्वतःच कायदा वाचून १७५४ मध्ये वकिलीची सनद मिळवली आणि पुढच्याच वर्षी ते वसाहतीच्या विधिमंडळात गेले. मी त्यांना ‘आमदार’ म्हटले, त्यावर एका स्नेह्यांनी हरकत घेतली. आपले मत काय?

प्रतिसाद १ : हरकत रास्त आहे. शर्मन १७६६ पासून विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात होते आणि त्याच काळात न्यायाधीशही होते. १७८५ पर्यंत ही दोन्ही पदे त्यांच्याकडे एकत्र होती. न्यायदान करणाऱ्याला आमदार म्हणणे कानाला खटकते. ‘विधिमंडळाचे सभासद’ म्हणावे.

प्रतिसाद २ : मग ‘वकील’ तरी कसे चालते? पेशवाईतला वकील परदरबारी राहून धन्याची बाजू मांडणारा होता, कोर्टात उभा राहणारा नव्हे. अर्थ सरकला, शब्द टिकला. शिवाय विधानपरिषदेच्या सदस्यांनाही आपण आमदारच म्हणतो.

प्रतिसाद ३ : माझ्या मते खरी अडचण ‘घटनादुरुस्ती’ची आहे. १७८९ मध्ये राज्यघटनेचे एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन यांना नवी कलमे मूळ मजकुरातच गुंफायची होती. शर्मन यांनी कडाडून विरोध केला. हे म्हणजे पितळ, लोखंड आणि माती एकत्र मिसळणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर त्यांचेच चालले आणि कलमे शेवटी जोडली गेली. म्हणूनच १९१९ ची दारूबंदी १९३३ मध्ये रद्द झाली, तरी तिचा मजकूर आजही घटनेसोबत छापला जातो. आपल्याकडे मजकूरच बदलतो, म्हणून ती दुरुस्ती. शर्मन यांनी मिळवली ती ‘पुरवणी’.

प्रतिसाद २ : भेद मार्मिक आहे, पण ‘पहिली पुरवणी’ वाचून मराठी वाचकाला परीक्षेची उत्तरपत्रिका आठवेल. रूढ शब्द मोडू नये. हा इतिहास तळटीपेत सांगावा.

प्रतिसाद १ : या घटनादुरुस्त्यांतल्या पहिल्या दहांना आपण ‘हक्कांची सनद’ म्हणतो, तेही मला पटत नाही. सनद वरून मिळते, दरबाराकडून किंवा न्यायालयाकडून. शर्मन यांची वकिलीची सनद तशीच होती. हक्क मात्र कोणी बहाल केलेले नसतात.

प्रतिसाद ३ : अरबीत ‘सनद’ म्हणजे मुळात आधार, टेकू. त्या अर्थाने हक्कांनाच तो शब्द अधिक शोभतो.

प्रतिसाद १ : मराठी दप्तरांत तो अर्थ उतरलेला नाही. तिथे सनद म्हणजे वतनाचा किंवा इनामाचा हुकूम, आणि शब्दाचा अर्थ आपल्या कागदांवरूनच ठरवला पाहिजे.